गॅस भरला, पण गेला कुठे?

सोलापूरच्या माणसाला उन्हाळ्याच्या गोष्टी सांगू नयेत. मार्चच्या अखेरीस डांबर मऊ होऊ लागते, एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात दुपारी बारा ते चार रस्त्यावर दिसतो तो एक तर नाइलाज झालेला माणूस, नाही तर नवखा पाहुणा. अशा मुलखात वाहनातल्या एसीला 'चैन' म्हणण्याची रीत अजून टिकून आहे, याचे मला नवल वाटते. 'काचा उघडा की, वारा येतोय', असे म्हणणारे प्रत्येक घरात एक तरी असतेच. तो वारा म्हणजे भट्टीची झळ आहे, हे त्यांनाही ठाऊक असते. पण सवय मोठी असते.

एके काळी ती चैनच होती, हे खरे. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये मोटारीला कारखान्यातूनच एसी बसवून देण्याची सोय केली. यंत्र इतके अवजड की, मागची सामानाची जागा त्याने बरीचशी खाल्ली. शिवाय एसी बंद करायचा, तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून कंप्रेसरचा पट्टा काढावा लागे! आज ही सोय माल वाहणाऱ्या पिकअपमध्येही आली आहे.

आमच्या घरी अशी पिकअप आली ती २०२२ च्या दसऱ्याला. अक्कलकोट तालुक्यातले आमचे गाव सोलापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर. शेती पाहतो माझा थोरला भाऊ, आमचा दादा. मागच्या हौद्यात कांद्याच्या पिशव्या आणि पुढे माणसांसाठी आसनांच्या दोन ओळी, अशी गाडी त्याने मुद्दाम निवडली. तीन वर्षांची वॉरंटी होती. एसीसाठी त्याने आग्रह धरला तो स्वतःसाठी नव्हे, आईसाठी. आई ७८ वर्षांची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिससाठी सोलापूरला आणावे लागते आणि रुग्णालयातली तिची पाळी दुपारची. या आजारात दिवसभराचे पाणी मोजून प्यायचे असते. उन्हाने जीव कासावीस झाला, तरी तांब्या तोंडाला लावण्याची मुभा नसते. ज्याला तहान भागवता येत नाही, त्याला निदान घाम तरी फुटू नये, एवढाच आमचा एसीचा हिशेब होता.

मार्च २०२५ मध्ये तो एसी मंदावला. पंखा घोंघावत होता, पण हवा कोमट. दादाने गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. 'गॅस कमी झाला होता, भरलाय', असे सांगून त्याचे पैसे घेण्यात आले. गाडी गार झाली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी 'तुमच्यासाठी म्हणून' गॅस फुकट भरला गेला. दादा खूश होऊन परतला. मी मात्र बेचैन झालो. अकरावी-बारावीच्या वर्गांना तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवल्याचा हा दोष असावा.

माठातले शास्त्र

आपल्याकडे 'गॅस' म्हटले की, स्वयंपाकघरातले सिलिंडर डोळ्यांपुढे येते. ते वापरले की संपते, संपले की नवे आणायचे. एसीचा गॅसही असाच 'संपतो' अशी समजूत त्या एका शब्दाने करून दिली आहे. वास्तविक एसीचा गॅस जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो.

त्याचे काम माठासारखे असते. माठातले पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार होते. मोटारीच्या एसीत पाण्याऐवजी बहुधा आर-१३४ए नावाचे द्रव्य असते. साध्या हवेच्या दाबाला ते शून्याखाली २६ अंशांवरच उकळते. डॅशबोर्डमागच्या नळ्यांत, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये, ते उकळते आणि केबिनमधली उष्णता शोषते. कंप्रेसर त्या वाफेला दाबतो. गाडीच्या पुढच्या जाळीमागे कंडेन्सर असतो, तिथे ती बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. मग एका अरुंद झडपेतून दाब उतरतो आणि फेरा नव्याने सुरू होतो. माठाचे पाणी हवेत निघून जाते. इथे मात्र ते परत आणले जाते.

रबरी नळ्यांतून वर्षाकाठी किंचित गॅस झिरपतो, ते चालायचेच. पण तीन आठवड्यांत गाडी कोमट होत असेल, तर कुठे तरी भोक आहे. फुटक्या घागरीत पाणी भरणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

आधी घरची तपासणी

तक्रार घेऊन जाण्यापूर्वी काही गोष्टी घरीच पाहता येतात. त्यातून बराच उलगडा होतो. गाडी उभी असताना हवा कोमट आणि रस्त्यावर वेग घेताच गार, असे होत असेल, तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर किंवा जाळीत साचलेल्या धुळीवर घ्यावा. सुरुवातीला गार आणि तासाभराने झोतच मंद, असे असेल, तर इव्हॅपोरेटरवर बर्फ धरत असण्याची शक्यता असते. झोत पहिल्यापासूनच कमी असेल, तर केबिनचा फिल्टर काढून पाहावा. शेतरस्त्यावरच्या गाडीत त्याची गोधडी झालेली असते. एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला गरम हवा येत असेल, तर गार-गरम हवा मिसळणारी आतली झडप अडकलेली असू शकते किंवा गॅस तरी कमी असतो. आणि बाहेरची हवा आत घेणारे बटण चालू राहिले नाही ना, हेही पाहावे. तापलेली गाडी सुरू करताना दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून कोंडलेली हवा जाऊ द्यावी, मग आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे. एवढ्याने कितीतरी तक्रारी मिटतात.

आमच्या गाडीची तक्रार यातल्या कशानेच मिटेना. मग मी दोन-तीनशे रुपयांचा एक डिजिटल थर्मामीटर आणला. गाडी सावलीत उभी केली, दारे-काचा बंद, पंखा पूर्ण वेगाने, इंजिन जरा चढते ठेवून दहा मिनिटांनी मधल्या झरोक्यातले तापमान पाहिले. दुसऱ्यांदा गॅस भरला त्या दिवशी बाहेर ३८ अंश आणि झरोक्यात १० होते. तीन आठवड्यांनी बाहेर ४१ आणि झरोक्यात १९. उन्हामुळे फरक पडतो, असे कोणी म्हणू नये म्हणून गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्याची त्याच मॉडेलची गाडी त्याच दुपारी मोजली. तिच्यात १२ अंश भरले. वहीत तारीख, वेळ आणि आकडे लिहून ठेवले.

आई मागच्या आसनावर डोक्याला ओला पंचा गुंडाळून बसलेली असायची. आमचा हा उद्योग पाहून एकदा म्हणाली, "अरे, माझा ताप बघायचा सोडून गाडीचा काय बघताय?"

तिसरी फेरी

मे महिन्यात तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा दादाबरोबर मी होतो. काउंटरवरचा तरुण सल्लागार अदबीने बोलणारा होता. "सर, एवढ्या उन्हात एसी एवढाच चालणार. गॅस टॉप-अप करून देतो." मी वही पुढे ठेवली आणि विनंती केली, की जॉबकार्डावर 'एसी कमी गार' एवढेच न लिहिता हे आकडे लिहा, आणि 'हीच तक्रार तिसऱ्यांदा' हे शब्दही लिहा. तो थोडा घुटमळला, पण त्याने लिहिले.

दुसरी विनंती अशी होती, की नवा गॅस घालण्यापूर्वी आत आहे तो यंत्राने काढून त्याचे वजन करा. गाडीत कोणता गॅस किती ग्रॅम असावा, हे बहुधा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते. आमच्या पट्टीवर ५०० ग्रॅम होते. यंत्राने बाहेर काढला तो २९० ग्रॅम. मागच्या वेळी गॅस पुरता भरल्याची नोंद त्यांच्याच कागदावर होती. २१० ग्रॅम गेला कुठे, या प्रश्नाला मग उन्हाचे उत्तर चालण्यासारखे नव्हते.

"कंडेन्सरला दगड लागला असेल, ते वॉरंटीत बसत नाही," असे आतून कोणी तरी म्हणाले. "लागला असेल, तर खूण दाखवा, मी पैसे देतो," एवढेच मी म्हटले. त्यानंतर एक मध्यमवयीन मेकॅनिक पुढे आला. त्याने हातात बॅटरी घेतली आणि न बोलता नळ्यांच्या सांध्यांवरून ती फिरवू लागला. गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही फिरते, म्हणून गळतीच्या जागी तेलकट धूळ धरते, हे त्याला पुस्तकाशिवाय माहीत होते. कंडेन्सरला जोडणाऱ्या नळीच्या सांध्यावर तसाच काळपट डाग होता. गॅसमध्ये रंगद्रव्य घालून निळसर दिव्याखाली पाहिले, तर तीच जागा चमकली. आतली रबरी कडी बसवतानाच चिमटली गेली होती. दगडाची खूण कुठेही नव्हती.

कडी बदलली. पंपाने नळ्या निर्वात करून गळती राहिली नाही, याची खात्री केली आणि वजन करून ५०० ग्रॅम गॅस भरला. दुसऱ्या दिवशी बाहेर ४२ आणि झरोक्यात १२. गॅस 'झिजणाऱ्या वस्तूंत' मोडतो, म्हणून त्याचा खर्च ग्राहकाचा, असे त्यांच्या पुस्तिकेत होते. पण गॅस झिजला नव्हता, सदोष सांध्यातून गळला होता. हे मान्य झाल्यावर मार्चमधले पैसेही परत मिळाले.

पावसाळ्यात मुरणारी तक्रार

हे सगळे मे महिन्यातच होणे महत्त्वाचे होते. जून लागला, की हवा गार होते आणि एसीची आठवण राहत नाही. पावसाळाभर गॅस गळत राहतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात तक्रार जागी होते. आमची वॉरंटी नेमकी त्याच ऑक्टोबरात संपत होती. कागदावर 'गॅस भरला' एवढ्याच नोंदी राहिल्या असत्या, तर दोष वॉरंटीच्या काळातला होता, हे सिद्ध करणे अवघड झाले असते.

म्हणून कागद जपावा. दर वेळी जॉबकार्डाची प्रत घ्यावी आणि मुदत संपण्यापूर्वी लेखी तक्रार द्यावी. वॉरंटी चालू असताना कोपऱ्यावरच्या दुकानात गॅस भरून घेऊ नये. पुढे नकाराला तेच निमित्त होते. एवढे करूनही दाद लागली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूंची प्रकरणे तिथे चालतात आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही, असे सांगून मालवाहू गाडीवाल्यांना परतवले जाते. पण स्वयंरोजगाराने केवळ स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठी घेतलेली वस्तू त्याला अपवाद आहे, हे कायद्यातच लिहिलेले आहे.

प्रश्न एका घराचा किंवा एका कडीचाही नाही. आर-१३४ए हवेत गेला, तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट तापमानवाढ करतो. म्हणजे आमच्या गाडीतून गेलेल्या २१० ग्रॅमचा भार ३०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा झाला. गळती न शोधता गॅस भरत राहणे म्हणजे आतली चार माणसे गार ठेवण्यासाठी बाहेरचे आभाळ तापवणे आहे.

साडेतीन टनांहून अधिक भाराच्या नव्या मालमोटारींच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. तापलेल्या केबिनमध्ये चालक लवकर थकतो, हे ओळखूनच हा नियम आला. त्याखालच्या लहान पिकअप यात येत नाहीत. भाजी, दूध, कांदा आणि वेळप्रसंगी आजारी माणूस वाहून नेणाऱ्या कितीतरी गाड्या याच वर्गातल्या आहेत. ज्यांनी पदरचे पैसे मोजून एसी घेतला, त्यांना तो निदान चालू मिळाला पाहिजे. त्यासाठी यंत्राचे सगळे ज्ञान लागत नाही. 'गॅस भरलाय', असे कोणी सांगितले, की 'आधीचा कुठे गेला?' एवढे शांतपणे विचारावे; आणि उत्तर कागदावर मिळेपर्यंत काउंटर सोडू नये.