संगणक जागा का होत नाही?

मगरपट्ट्याच्या उसाच्या शेतांवर संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या राहिल्या, त्याच हडपसरमधील एका शाळेची ही गोष्ट. तेथील शिक्षकांनी संगणक-कक्षातील आठ जुन्या संगणकांत हार्ड डिस्कऐवजी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एस.एस.डी., स्वतःच बसवली. पाच संगणक झटकन सुरू झाले, तीन अडून बसले. दुरुस्तीवाल्याने सल्ला दिला, 'यंत्रे जुनी झाली, भंगारात द्या.' काढलेल्या जुन्या डिस्कही त्याच ढिगाऱ्यात जाणार होत्या, आणि त्यांत शाळेचे काही वर्षांचे निकाल होते.

मुळात हा बदल करायचा कशासाठी? हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणून हवी ती जागा वाचकाखाली येण्यासाठी सरासरी ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. वाचक सरकण्याचा वेळ वेगळाच. एस.एस.डी.त फिरणारे काहीच नसते. माहिती विद्युत्भाराच्या रूपात सूक्ष्म कप्प्यांत साठवलेली असते आणि ती मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात मिळते. संगणक सुरू होताना विखुरलेल्या हजारो लहान नोंदी वाचाव्या लागतात. म्हणून हा फरक तेथे सर्वांत जास्त जाणवतो.

आता एक कोडे पाहू. संगणक चालवणारी कार्यप्रणाली डिस्कवर असते, पण डिस्क वाचायला तर आधी प्रोग्रॅम हवा. तो कोठून येतो? मदरबोर्डवरील एका चिपमध्ये तो कायमचा असतो. त्याला बायोस म्हणतात. नव्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. बटण दाबले की हा प्रोग्रॅम प्रथम रॅम, कळफलक इत्यादींची तपासणी करतो. मग जोडलेल्या डिस्क शोधतो. ठरलेल्या क्रमाने डिस्क पाहून तो 'बूट लोडर' हा छोटा प्रोग्रॅम उचलतो. बूट लोडर कार्यप्रणालीला रॅममध्ये आणतो. थोडक्यात, ही चार कड्यांची साखळी आहे. दुरुस्ती म्हणजे ती कोठे तुटली हे शोधणे. पडद्यावर काय दिसते, यावरून ते कळते.

पंखा फिरतो, पण पडद्यावर एकही अक्षर नाही, तर पहिली कडी तुटली. नवी एस.एस.डी. काढून पाहा. तरीही अंधार असेल तर दोष तिचा नव्हे. बहुधा हात लागून रॅमची पट्टी किंवा एखादी वायर सैल झालेली असते.

बायोसच्या यादीत एस.एस.डी.चे नावच नसेल, तर दुसरी कडी पाहा. वायर नीट बसली का? एम.२ प्रकारची पट्टी असेल तर आणखी एक मेख आहे. साटा आणि एनव्हीएमई अशा दोन प्रकारच्या पट्ट्या जवळजवळ सारख्याच दिसतात, पण प्रत्येक खाच दोन्ही प्रकार ओळखतेच असे नाही.

नाव दिसते, पण 'बूट करण्याजोगे साधन नाही' असा संदेश येतो, तेव्हा तिसरी कडी तपासावी. डिस्कचा क्रम चुकला असेल, किंवा डिस्कची मांडणी आणि बायोसची पद्धत जुळत नसेल. जुन्या पद्धतीत एमबीआर ही मांडणी लागते. तिच्यात बूट करण्याची सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतून होते. यूईएफआय सहसा जीपीटी ही मांडणी वापरतो आणि बूट लोडर एका लहानशा स्वतंत्र विभागात ठेवतो. डिस्कची नक्कल करताना केवळ 'सी' विभाग उचलला, तर नेमका हा लहान विभाग मागे राहतो.

विंडोजचे चिन्ह दिसून मग निळा पडदा आला, तर चौथी कडी. बायोसमधील साटाची पद्धत, म्हणजे एएचसीआय, आयडीई किंवा रेड, बदलली गेली का ते पाहावे.

हडपसरच्या शाळेत एका संगणकाचा पडदा पूर्ण काळा होता. रॅमची पट्टी काढून पुन्हा दाबून बसवताच तो सुरू झाला. उरलेले दोन संगणक जुनी डिस्क जोडली की सुरू होत आणि काढली की बंद पडत. मग शिक्षकांना विचारले, 'चालणाऱ्या पाचांत तुम्ही वेगळे काय केले?' उत्तर त्यातच होते. पाचांतील जुनी डिस्क आधी काढून मग विंडोज बसवली होती. या दोनांत घाईने ती तशीच राहिली, आणि विंडोजने बूट लोडर जुन्या डिस्कवरच ठेवला. जुनी डिस्क काढून विंडोज पुन्हा बसवताच दोन्ही संगणक सुरू झाले. एकही सुटा भाग विकत घ्यावा लागला नाही.

काही पथ्ये मात्र पाळावीत. पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढावा आणि पेटीच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी. एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत लिहावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नवा संगणक एकट्या एस.एस.डी.वर सुरू होऊन सर्व माहिती सापडेपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नये.

शाळेत एखादा बंद संगणक पडून असेल तर तो भंगारात देण्याआधी नववी-दहावीच्या मुलांसमोर ठेवा. कोणती कडी तुटली असेल याचा अंदाज त्यांना आधी फळ्यावर लिहू द्या, आणि मगच पेटी उघडा.