हार्ड डिस्क ‘न दिसण्याचा’ प्रश्न आणि बोलींची ध्वनिमुद्रणे

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके बोलींच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाचे आहेत. कातकरी, ठाकर, वारली इत्यादी समाजांच्या बोली येथे कुणबी व आगरी बोलींच्या शेजारी नांदतात. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कातकरी बोलीचे नमुने कागदावर उतरविलेले होते. आजचा नमुना ध्वनिमुद्रित असतो व बहुधा एकाच लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर राहतो. वृद्ध निवेदक पुन्हा भेटेलच असे नाही. म्हणून त्या डिस्कचे रक्षण हा क्षेत्रकार्याचाच भाग होय.

लॅपटॉपवरील विंडोज सुरू होईनासे झाले, म्हणजे पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून सामग्री काढून घेणे हा रूढ उपाय आहे. परंतु पुष्कळदा लिनक्स निर्वेधपणे सुरू होते आणि डिस्क मात्र यादीत आढळत नाही. ‘डिस्क निकामी झाली’ असे समजून ती दुरुस्तीस दिली जाते, तेथे ती फॉरमॅट होते आणि मुद्रणे नष्ट होतात. हा अनुमानाचा दोष आहे. डिस्क ‘दिसणे’ ही क्रिया तीन पायऱ्यांची असून, ती कोणत्या पायरीवर अडली हे प्रथम ठरविले पाहिजे.

पहिली पायरी बायोसची. लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये शिरून डिस्कचे नाव तेथे आहे किंवा नाही, हे पाहावे. नाव नसेल तर जोडणी सैल झाली असेल अथवा डिस्क खरोखरच बिघडली असेल. अशा वेळी स्वतः प्रयोग न करता ती जाणकाराकडे सोपवावी.

दुसरी पायरी लिनक्सच्या गाभ्याची, आणि बहुतेक घोटाळा येथेच होतो. बायोसला डिस्क दिसते, पण लिनक्समधील ‘डिस्क्स’ ह्या प्रोग्रॅमला दिसत नाही. इंटेल प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपांत डिस्कचा नियंत्रक ‘रेड’ किंवा ‘आर.एस.टी.’ ह्या पद्धतीवर ठेवलेला असतो. तीत एन.व्ही.एम.ई. डिस्क नियंत्रकाच्या आड जाते. २०२० पासूनच्या अकराव्या पिढीत हेच काम ‘व्ही.एम.डी.’ करते, नव्या लिनक्सला ते कळते, जुन्या आवृत्तीस कळत नाही. म्हणून आधी लिनक्सची अलीकडची आवृत्ती वापरून पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर बायोसमध्ये ‘ए.एच.सी.आय.’ निवडावे, अथवा व्ही.एम.डी. बंद करावे. मूळ स्थिती आधी लिहून ठेवावी व काम होताच ती पूर्ववत करावी, अन्यथा विंडोज सुरू होण्यात नवी अडचण येते. मात्र दोन डिस्क एकत्र जोडून ‘रेड’ केलेले असेल, किंवा डिस्कला ऑप्टेनची जोड दिलेली असेल, तर ह्या स्थितीला हात लावू नये.

तिसरी पायरी फाइलींची. डिस्क दिसते, पण उघडत नाही. ती बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली लागते. बायोसमधील बदलानंतर विंडोजही तीच मागू शकते. म्हणून ती किल्ली क्षेत्रकार्यास निघण्यापूर्वीच उतरवून घ्यावी. विंडोज पूर्णपणे बंद झालेले नसेल तर डिस्क केवळ वाचनापुरती उघडावी. नकलून घेण्यास तेवढे पुरेसे असते. डिस्क फॉरमॅट करण्याची सूचना पडद्यावर आल्यास ती कधीही स्वीकारू नये.

भाषाभ्यासकास ही विचारपद्धती अपरिचित नाही. मद्रास प्रांत, हैदराबाद आणि म्हैसूर हे प्रदेश ग्रियर्सन यांच्या पाहणीच्या कक्षेबाहेर होते. हैदराबाद संस्थानातच तेव्हा मराठवाडा होता. पाहणी तेथे पोहोचली नाही, म्हणून तेथे बोली नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही. नोंदीतील अभाव आणि वस्तूचा अभाव यांत अंतर असते, आणि ते तपासल्यावाचून निर्णय देऊ नये.

तथापि सर्वांत खात्रीचा उपाय ह्या तपासणीच्या आधीचा आहे. कसारा किंवा माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यांतून परतताच, त्याच दिवशी, मुद्रणांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी व ती लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये. तसे केले असल्यास उपरोक्त तीन पायऱ्या केवळ यंत्राच्या दुरुस्तीपुरत्या उरतात.