तंबाखूवरील कर आणि लोकारोग्य

पेडणे तालुक्यातील मोपा हे गाव गोव्याच्या उत्तर सीमेवर वसले आहे. जवळच्या पत्रादेवी नाक्यापलीकडे बांदा, म्हणजे महाराष्ट्र राज्य. तंबाखूवरील कर व्यसनाला कसा आळा घालतो आणि कोठे अपुरा पडतो, हे अशा सीमावर्ती भागात स्पष्ट दिसते.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात तंबाखूचा मक्ता दिला जाई. तिजोरी भरणे हाच त्यामागील हेतू होता. आज हा कर आरोग्यरक्षणाचे साधन मानला जातो. किंमत १० टक्क्यांनी वाढल्यास विकसनशील देशांत तंबाखूचा खप सुमारे ५ टक्क्यांनी घटतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हाती पैसा थोडा असलेल्या तरुणांवर हा परिणाम अधिक होतो.

मात्र एकाच राज्याने घातलेला निर्बंध सीमेवर सैल पडतो. गोव्याने २००५ साली गुटख्यावर बंदी घातली; महाराष्ट्रात ती २०१२ साली आली. २०१७ पूर्वी तंबाखूवरील मूल्यवर्धित करही प्रत्येक राज्याचा वेगळा असे. त्या वर्षी १ जुलैपासून वस्तू व सेवा कराने दर एक झाला. तरीही त्या वेळी सिगारेटवर २८ टक्के कर व शिवाय उपकर बसला. विडीवर मात्र उपकर नव्हता. सिगारेट सोडून विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसांना त्याचा लाभ तो कोणता?

उत्पन्नाचा विनियोगही तितकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ साली सिगारेटवरील कर वाढवून त्याचा काही भाग आरोग्यशिक्षणासाठी राखून ठेवला. थायलंडने २००१ साली मद्य व तंबाखूवरील २ टक्के अधिभारातून आरोग्य निधी उभारला. भारतातही १९७६ च्या कायद्यान्वये विडीवरील उपकरातून विडी कामगारांसाठी दवाखाने व शिष्यवृत्त्या चालत. २०१७ साली तो उपकर रद्द झाला. ठरावीक कार्यासाठी कर राखून ठेवणे आपल्याला अपरिचित नाही, हे यावरून दिसते.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यातील ९.७ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले. देशाचे प्रमाण २८.६ टक्के होते. हे यश टिकवायचे तर कराला लोकशिक्षणाची जोड हवी. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री होणार नाही, १८ वर्षांखालील मुलांना ती मिळणार नाही, याकडे पंचायत व शिक्षकांनी लक्ष द्यावे. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. कर वस्तू महाग करतो. ती का टाळावी, हे मात्र घराने आणि शाळेनेच शिकवावयाचे असते.