दिशा सांगणारे शहर

'उत्तर दिशा दाखवा' असे वर्गात म्हटले, की काही मुले भिंतीवरच्या नकाशाच्या वरच्या कडेकडे बोट करतात. दिशा ही कागदावरची नसून पायाखालच्या जमिनीवरची गोष्ट आहे, हे त्यांना कसे उमगावे? चीनमधील शीआन या जुन्या शहरात हिंडताना ते आपोआप उमगते. चला, कल्पनेने तिथे जाऊ या.

सोबत चार चिनी शब्द घेऊ: दोंग म्हणजे पूर्व, शी म्हणजे पश्चिम, नान म्हणजे दक्षिण आणि बेइ म्हणजे उत्तर. बेइजिंग म्हणजे उत्तरेची राजधानी आणि नानजिंग म्हणजे दक्षिणेची, हे आता सहज उलगडेल.

शीआनच्या मध्यवर्ती चौकात घंटेचा मनोरा आहे. तो १३८४ मध्ये बांधला गेला आणि १५८२ मध्ये आजच्या जागी हलवला गेला. तिथून चार दिशांना चार हमरस्ते निघतात. त्यांची नावेही 'पूर्वेचा मोठा रस्ता', 'दक्षिणेचा मोठा रस्ता' अशीच आहेत. म्हणजे पाटी वाचली की दिशा कळली! २०११ मध्ये इथे दक्षिणोत्तर मेट्रो सुरू झाली. मनोऱ्याला धक्का पोचू नये म्हणून तिचे दोन बोगदे मनोऱ्याच्या दोन बाजूंनी वळवून नेले आहेत.

दक्षिणेच्या रस्त्याने चालत गेलो, की चौदाव्या शतकातली तटबंदी लागते. तिची उंची सुमारे १२ मीटर आहे आणि माथाही तेवढाच रुंद आहे. वर भाड्याने सायकल मिळते. पूर्ण फेरी १३.७ किलोमीटरची होते. ताशी १० किलोमीटर वेगाने किती वेळ लागेल, हे मुलांना काढू द्या.

याच दिशेने तटाबाहेर आणखी सुमारे ४ किलोमीटर गेल्यावर ६५२ साली बांधलेला महाहंस पॅगोडा दिसतो. ह्युएन त्संगने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी तो उभारला गेला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला हाच तो प्रवासी. पण इतकी महत्त्वाची वास्तू शहराच्या तटाबाहेर का?

खरे तर ती शहरातच होती. त्या वेळच्या शहराचे नाव चांगआन. त्याचा विस्तार सुमारे ८४ चौरस किलोमीटर होता आणि रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे आखलेले होते. ९०४ मध्ये राजधानी हलवताना हे शहर मोडण्यात आले. आजच्या तटाच्या आत जेमतेम ११ चौरस किलोमीटर जागा आहे. शहर आक्रसले, पॅगोडा मात्र जागेवरच राहिला. तरीही नव्या तटाच्या बाजू जुन्याप्रमाणेच चार दिशांना धरून आहेत.

एवढ्या मोठ्या शहरांसाठी दिशा ठरवत कशा? राजधानीची आखणी सांगणाऱ्या 'काओगोंग जी' या प्राचीन चिनी ग्रंथात काठीच्या सावलीची रीत दिली आहे. आपल्याकडे कात्यायनाच्या शुल्बसूत्रातही तीच युक्ती आढळते. शाळेच्या मैदानात ती करून पाहता येईल.

सपाट जमिनीवर एक सरळ काठी उभी रोवा. ती मध्य धरून एक वर्तुळ काढा. सकाळी लांब असलेली सावली आखडत जाते. तिचे टोक वर्तुळाला टेकेल तिथे खूण करा. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते. टोक वर्तुळाला टेकताच दुसरी खूण करा. दोन्ही वेळा सावलीची लांबी सारखी, म्हणजेच सूर्याची क्षितिजापासूनची उंचीही सारखी असते. माध्यान्हीच्या दोन्ही बाजूंना सूर्याचा मार्ग समान असल्यामुळे या खुणांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम येते. सकाळची खूण पश्चिमेकडची. का बरे? मुलांनाच विचारा.

या रेषेला काटकोनात काठीतून जाणारी रेषा काढली, की दक्षिणोत्तर मिळाली. तिच्या एका टोकाला 'बेइ' आणि दुसऱ्या टोकाला 'नान' लिहा. मग नकाशा भिंतीवरून उतरवून या रेषेवर पसरा, आणि 'उत्तर दिशा दाखवा' हा प्रश्न पुन्हा विचारा.