झोपेत थांबणारा श्वास

मे 2018 मध्ये ‘मिशन शौर्य’ मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटरवर. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावरच हवेचा दाब जवळपास निम्मा.

अशा विरळ हवेत खरी परीक्षा रात्री होते. ऑक्सिजन कमी पडला की श्वास जोरात चालतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि झोपेत मेंदू श्वासाची सूचना देणेच थांबवतो. काही सेकंद छाती हलत नाही. मग एक खोल उसासा, भराभर चार-पाच श्वास, पुन्हा शांतता. शेजारी झोपलेला घाबरतो, पण निरोगी गिर्यारोहकांतही हे नेहमीचेच.

दिवसभराच्या व्यायामाने रात्री श्वास सुधारेल, असे वाटते. घडते उलट. ‘स्लीप’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2016 च्या अभ्यासात, कमी ऑक्सिजनमध्ये व्यायाम केल्यास झोपेतला हा खंडित श्वास वाढल्याचे दिसले. शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती हवीच. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

चंद्रपूर-गडचिरोलीकरांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. इथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. कसलाही त्रास नसलेल्या वाहकाच्याही प्लीहेला उंचीवर इजा होऊ शकते. हिमालयात जाण्याआधी सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी जरूर करून घ्या.