विशेष बांधकाम कामांचे ठेकेदार व ग्रामीण रोजगार : धसई परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

बांधकाम व्यवसायातील रोजगाराचा विचार करताना विकासक व मजूर एवढेच दोन घटक सामान्यतः डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात या दोहोंच्या मध्ये सेंटरिंग, सळई बांधणी, गिलावा, वायरिंग, नळजोडणी, लादी, रंगकाम अशी एकेकच काम अंगावर घेणाऱ्या लहान ठेकेदारांची फळी असते. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ मध्ये या कामांना ४३ क्रमांकाचा स्वतंत्र विभाग दिलेला आहे. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर तालुक्यांतील तरुणांचा कल्याण, भिवंडी परिसरातील बांधकामांशी संबंध येतो तो बहुधा याच फळीमार्फत.

कामाची रचना

इमारतीत प्रत्येक कारागिराचे काम तुटक असते. स्लॅब ओतण्यापूर्वी वायरमन नळ्या टाकतो आणि गिलावा झाल्यावर तारा ओढण्यासाठी पुन्हा येतो. मधल्या काळात त्याला त्या जागेवर काम नसते. त्यामुळे मुख्य ठेकेदार अशा कारागिरांना कायम पटावर ठेवण्याऐवजी चौरस फुटाच्या किंवा नगाच्या दराने काम सोपवितो. लहान ठेकेदार एकाच वेळी अनेक ठिकाणी माणसे फिरवितो. ही माणसे बहुधा त्याच्या गावची वा नात्यातली असतात. बिगारी म्हणून आलेला मुलगा मिस्त्रीच्या हाताखाली शिकून पुढे स्वतः ठेका घेतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र विद्युतकामात उपयोगी पडते. लादी वा रंगकामात ते क्वचितच कोणी विचारतो.

तंत्रज्ञानाने या कामांचे परस्पर प्रमाण बदलले आहे. उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती व स्लॅब एकत्रच ओतले जातात. तेथे वीटकाम जवळजवळ उरत नाही व गिलाव्याचे काम पुष्कळ घटते. लाल विटेची जागा हलक्या सिमेंट ठोकळ्यांनी घेतल्याचा परिणाम तर थेट वीटभट्टीपर्यंत पोहोचतो. भातकापणीनंतर उचल घेऊन भट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांपुढे कौशल्याच्या कामात शिरण्याचा मार्ग मात्र सहजी खुला होत नाही, कारण त्यासाठी लागणारा नात्यातला ठेकेदारच त्यांच्याकडे नसतो. प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीणमधील ४५ दिवसांचे गवंडी प्रशिक्षण आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतील घरकुले यांमुळे गावातच काम व शिक्षण मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

नव्वद दिवसांचा प्रश्न

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्याने कल्याण मंडळाची तरतूद केली. महाराष्ट्रात असे मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराने मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे, ही नोंदणीची अट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. अट कठीण नाही, पुरावा कठीण आहे. वर्षात सात-आठ जागी राबलेल्या लादी कारागिराची हजेरी मुकादमाच्या वहीत असते. मुख्य ठेकेदार त्याला ओळखत नाही. लहान ठेकेदार, आपण ‘मालक’ ठरू या भीतीने, सही देण्यास कचरतो. मग कामगार ग्रामसेवकाकडे येतो. पण शहरात झालेल्या कामाची खातरजमा गावातल्या कार्यालयाने कशी करावी? परिणामी बांधकाम खर्चावर वसूल झालेला उपकर मंडळाकडे जमा असूनही, मुलांची शिष्यवृत्ती वा अपघातानंतरचे साहाय्य यांपासून खरा कामगार दूर राहू शकतो.

मुरबाड तालुक्यातील धसई हे १ डिसेंबर २०१६ रोजी रोकडविरहित व्यवहारांचे गाव म्हणून घोषित झाले होते. त्या वेळी चर्चा दुकानांतील कार्डयंत्रांचीच झाली. मजुरीचा विचार त्यात फारसा नव्हता, आणि खरे तर तोच अधिक मोलाचा ठरला असता. कारण मजुरी कामगाराच्या बँक खात्यात थेट जमा झाल्यास तारीख, रक्कम व देणाऱ्याचे नाव आपोआप नोंदले जाते. मात्र रोजची मजुरी टोळीच्या म्होरक्याच्या खात्यात एकत्रित पाठविली गेली, तर बँकेच्या नोंदीत एकच कारागीर दिसतो व उरलेले सर्वजण पुन्हा वहीतच राहतात.