विमान एअरबस आहे की बोईंग? ओळखायचं कसं?

विमान अपघाताची बातमी आली की सातारा-सांगलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भलत्याच विमानांचे फोटो फिरू लागतात. ज्यांचं माणूस प्रवासात असतं, त्यांच्या जिवाला मात्र घोर लागतो. म्हणूनच पुण्याच्या विमानतळावर नेहमी दिसणारी दोन सारखी विमानं, एअरबस ए-३२० आणि बोईंग ७३७, ओळखता आलेली बरी. कंपनीच्या नावावर जाऊ नका. एअर इंडिया एक्स्प्रेसकडे दोन्ही आहेत.

काय पाहायचं?

शेपूट : ७३७ च्या उभ्या शेपटीला बुडाशी तिरका कोन असतो. ए-३२० ची शेपूट पाठीतून सरळ वर जाते.

पोट : उड्डाणानंतर ७३७ ची मुख्य चाकं पूर्ण झाकली जात नाहीत. खालून दोन काळ्या चकत्या दिसतात. ए-३२० ची चाकं दारांआड जातात.

पंखांची टोकं : नव्या ए-३२० चं टोक वर वळलेलं असतं. ७३७ मॅक्सचं टोक वर आणि खाली असं दुभंगलेलं असतं. पण जुन्या ए-३२० लाही वर-खाली छोटे त्रिकोण असतात, म्हणून फक्त टोकावरून ठरवू नका.

टोक वळवतात कशासाठी?

चाळकेवाडीच्या पठारावरची पवनचक्की आठवा. तिचं पातं आणि विमानाचा पंख, दोन्हींचा छेद साधारण सारखाच असतो. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. त्यातून विमानाला उचल मिळते. पण टोकापाशी खालची हवा वर निसटते आणि भोवरा तयार होतो. तो विमानाला मागे ओढतो. वळलेलं टोक हा भोवरा कमजोर करतं. ए-३२० मध्ये त्यामुळे लांबच्या प्रवासात ४ टक्क्यांपर्यंत इंधन वाचतं, असं एअरबस सांगते.

फोटोवरून काय कळत नाही?

पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप असतात. ते खाली झुकले की कमी वेगातही पुरेशी उचल मिळते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत बोईंग ७८७ कोसळलं, तेव्हा धूसर व्हिडिओ पाहून अनेकांनी 'फ्लॅप उघडलेच नव्हते' असं सांगून टाकलं. जुलैतल्या प्राथमिक तपास अहवालात मात्र फ्लॅपचा दांडा ५ अंशांवर, म्हणजे उड्डाणासाठी योग्य जागी, सापडल्याची नोंद आहे.

त्यामुळे असा फोटो आला, तर आधी शेपूट आणि पंख बातमीतल्या विमानाशी जुळतात का ते पाहा. अपघाताचं कारण मात्र तपास अहवालातच वाचा.